चीनमध्ये इंग्रजी शिकवायची नोकरी: एजंट म्हणतो, ‘आधी बिझनेस व्हिसावर जा’

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

मी नाशिकची. एम.ए. इंग्रजी, बी.एड. एका सीबीएसई शाळेत सातवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. पगार तीस हजारांच्या आत, तोही कधी पंधरा तारखेला, कधी वीसला. गेल्या महिन्यात ठाण्याच्या एका एजंटचा फोन आला. चीनमध्ये जिआंगसू प्रांतात लहान मुलांच्या इंग्रजीच्या क्लासला शिक्षिका हवी आहे. महिना १४,००० युआन, राहायला खोली, वर्षाअखेर विमानाचं भाडं. फक्त आत्ता एम व्हिसावर, म्हणजे बिझनेस व्हिसावर जायचं. ‘तिथे पोचल्यावर तीन महिन्यांत वर्क व्हिसा करून देऊ.’ त्याची फी दीड लाख, निम्मी आधी.

मुलाखत व्हिडिओवर झाली, पाच-दहा मिनिटांत उरकली. पलीकडच्या बाईंनी व्याकरण, अनुभव, पदवी काहीच विचारलं नाही. गाणं म्हणून दाखवा म्हणाल्या, फळांची चित्रं हातात धरून शिकवून दाखवा म्हणाल्या, आणि शेवटी: ‘पालकांनी विचारलं तर लंडनला वाढले असं सांगायचं.’ तिथे मला खटकलं. पण १४,००० युआन म्हणजे आपले पावणेदोन लाखांच्या आसपास होतात, तेही डोळ्यांपुढून हलत नाहीत.

कोणी तिथे शिकवायला गेलंय का? हे बिझनेस व्हिसाचं प्रकरण खरंच चालतं का?

---

सह्याद्रीवेडा | शुक्रवार, रात्री ११:०५

ताई, मी मालाच्या खरेदीला वर्षातून एक-दोनदा यिवूला जातो. तिथे फिलिपिन्सच्या, रशियाच्या, आफ्रिकेतल्या मुली बिझनेस किंवा स्टुडंट व्हिसावर बिनधास्त शिकवतात. कोणी विचारत नाही. क्लासवाल्याचे वर हात पोचलेले असतात. चीनमध्ये सगळं चालतं हो, घाबरू नका. दीड लाख मात्र जास्त आहेत, घासाघीस करा.

---

हांगझोऊकर | शनिवार, सकाळी ७:३०

धागा बघून राहवलं नाही. मी हांगझोऊमध्ये एका शाळेच्या इंटरनॅशनल विभागात फिजिक्स शिकवतो, कोविडच्या आधीपासून. पासपोर्ट भारतीय, परवाना रीतसर. जरा लांबण लागेल.

चीनमध्ये परदेशी माणसाला नोकरी करायची तर एकच रस्ता आहे. आधी मालक तिथल्या सरकारकडून तुमच्या नावाचं ‘वर्क परमिट नोटिफिकेशन’ काढतो. ते दाखवून तुम्ही भारतातून झेड व्हिसा, म्हणजे कामाचा व्हिसा, घेता. उतरल्यावर २४ तासांत पोलिसांकडे पत्त्याची नोंद, मग वैद्यकीय तपासणी, मग परवाना, आणि आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्याचा अर्ज. एम व्हिसा व्यापारी भेटीगाठींसाठी, एल पर्यटनासाठी, एक्स शिक्षणासाठी. यांतल्या कशावरही शिकवणं बेकायदा, आठवड्याला दोन तास असलं तरी.

आता खरी मेख. १ एप्रिल २०१७ पासून देशभर एकच पद्धत आहे, परदेशी कामगारांचे ए, बी, सी असे वर्ग. शिक्षक बहुतेक बी वर्गात येतात. त्यात भाषाशिक्षकासाठी वेगळी अट आहे: त्याने आपली मातृभाषाच शिकवायची, आणि पदवी त्या भाषेच्या देशातली हवी. इंग्रजीच्या बाबतीत व्यवहारात सात देश धरतात: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारत त्यात नाही. आपल्याकडे इंग्रजी राजभाषा आहे, आम्ही केजीपासून इंग्रजीत शिकलो वगैरे सांगून उपयोग होत नाही. खिडकीपलीकडचा माणूस पासपोर्टचं मुखपृष्ठ बघतो.

म्हणून एजंटला एवढंच विचारा: भारतीय पासपोर्टवर इंग्रजी शिक्षिकेचा परवाना निघत असेल तर पहिल्या दिवसापासून झेडवर का नेत नाही? तीन महिन्यांनी काय बदलणार आहे? पासपोर्ट तर तोच राहणार. शिवाय एमवरून झेडवर यायला तुम्हाला परत भारतात येऊन अर्ज करावा लागतो, ते तो सांगणार नाही.

सह्याद्रीवेडा, ‘कोणी विचारत नाही’ हे कोणी तक्रार करेपर्यंतच. शेजारचा क्लासवाला करतो, नाराज पालक करतो. मग पोलीस वर्गात येतात. कायद्याने दंड ५,००० ते २०,००० युआन, प्रकरण गंभीर ठरलं तर ५ ते १५ दिवस कोठडी, आणि वर देशाबाहेर रवानगी होऊ शकते. मालकालाही दंड असतो, पण तो आपल्या गावात असतो. कोठडीत बाई बसते.

---

खडूस_काका | शनिवार, सकाळी ८:१५

गलवान विसरलात वाटतं सगळे. आपल्या पोरांचं रक्त सांडलं आणि आपण त्यांच्या पोरांना एबीसीडी शिकवायला निघालो. नाशिकमध्ये क्लास काढा, चांगला चालेल.

---

गोदाकाठ | शनिवार, सकाळी ९:५०

हांगझोऊकर, सविस्तर उत्तराबद्दल खूप आभार. मुखपृष्ठाचं वाचून पोटात गोळा आला, पण बरं झालं आत्ताच कळलं.

काका, क्लासही काढून बघितला. कॉलेज रोडवर प्रत्येक इमारतीत एक आहे. तुमचा राग समजते. पण घराचा हप्ता बँक देशप्रेमावर कमी करत नाही.

---

मेलबर्नची_मावशी | शनिवार, सकाळी ११:२०

हांगझोऊकरांना अनुमोदन. दुसरी बाजू सांगते. माझी मुलगी इथेच जन्मलेली, पासपोर्ट ऑस्ट्रेलियन, पदवी इथली, शिकवण्याचं प्रमाणपत्र होतं. कागदावर शंभर टक्के पात्र. तिने चेंगडूत दोन वर्षं एका सरकारी माध्यमिक शाळेत इंग्रजी संभाषण शिकवलं. तरी नोकरी मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला आला होता. अर्ज, बोलणी, सगळं छान व्हायचं, आणि फोटो पाठवला की समोरचा गप्प. एका एजन्सीने स्पष्टच लिहिलं की पालकांना ‘परदेशी दिसणारी’ शिक्षिका हवी असते. म्हणजे गोरी. कुलकर्णी आडनावाची मुलगी ऑस्ट्रेलियन उच्चारात बोलली तरी तिचं परदेशीपण त्यांना पुरत नव्हतं.

पण शाळेत एकदा रुळल्यावर मुलांनी डोक्यावर घेतली, हेही खरं. खाजगी क्लासपेक्षा सरकारी शाळा कितीतरी बरी, असं ती अजून सांगते. आठवड्याला सोळा-अठरा तास, एका वर्गात पन्नास पोरं, पण शनिवार-रविवार आपला. क्लासवाल्यांचं नेमकं उलट, मुलांना सुट्टी तेव्हा यांचा धंदा.

---

सनद | शनिवार, दुपारी १:००

एजंटबद्दल. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी लागते. ई-मायग्रेट पोर्टलवर परवानाधारक एजंटांची यादी आहे. नाव टाकून बघा. आणि नोंदणीकृत एजंटला उमेदवाराकडून ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. दीड लाख हा आकडाच बोलका आहे.

पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती, चॅट, कॉलच्या नोंदी जपून ठेवा.

---

सह्याद्रीवेडा | शनिवार, दुपारी १:४०

बरं बाबा, माझं म्हणणं मागे. पण मग एक सांगा, एवढी मागणी असताना यांना सरळ मार्गाने शिक्षक का मिळत नाहीत? मी २०१८-१९ ला पाहिलंय, प्रत्येक मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर इंग्रजीचा क्लास. आता निम्मे गाळे रिकामे दिसतात.

---

हांगझोऊकर | शनिवार, संध्याकाळी ६:१०

गाळे रिकामे होण्याचं कारण जुलै २०२१. त्या महिन्यात सरकारने ‘दुहेरी भार कमी करण्याचं’ धोरण आणलं. एक भार गृहपाठाचा, दुसरा शिकवण्यांचा. पहिली ते नववीच्या शालेय विषयांचे नफ्यासाठीचे क्लास शनिवार-रविवारी आणि सुट्टीत बंद, नवे परवाने बंद, कंपन्यांना शेअर बाजारातून भांडवल उभारायला बंदी. परदेशात बसून चिनी मुलांना ऑनलाइन शिकवणाऱ्या शिक्षकांनाही मनाई झाली. अमेरिकेतल्या हजारो गृहिणी पहाटे उठून या शिकवण्या घ्यायच्या, तो धंदा काही महिन्यांत आटोपला. न्यू ओरिएंटल ही क्लासवाल्यांमधली सर्वांत नावाजलेली कंपनी. २०२२ मध्ये तिचे शिक्षक लाइव्हस्ट्रीमवर तांदूळ आणि मांस विकत होते, विकता विकता फळ्यावर इंग्रजी शब्द लिहून शिकवत होते, आणि ते बघायला लोकांची झुंबड उडायची. मीही बघत बसायचो.

दुसरं कारण मुलंच कमी झाली. २०१६ साली चीनमध्ये १ कोटी ७८ लाखांवर बाळं जन्मली, २०२३ साली ९० लाख. बालवाड्या धडाधड बंद पडताहेत.

मग उरलं काय? जे क्लास ‘नाट्य’, ‘वाचनकट्टा’, ‘संस्कृती’ अशा नावाखाली तग धरून आहेत, त्यांतले बरेच अर्धवट उजेडात चालतात. परवानाधारक गोऱ्या शिक्षकाला महिना वीस-बावीस हजार युआन मोजणं त्यांना परवडत नाही. म्हणून चौदा हजारात, एम व्हिसावर, लंडनला वाढलेली नाशिकची बाई. ताई, तुमच्या मुलाखतीत पदवी का विचारली नाही ते आलं लक्षात? पदवीची प्रत कुठल्याच कार्यालयात जायची नव्हती.

रच्याकने, म्हणजे जाता जाता, मिस्टर काय करतात? खाजगी वाटलं तर सोडून द्या.

---

गोदाकाठ | शनिवार, रात्री ९:३०

खाजगी कसलं. तेही मास्तरच. एम.एस्सी. गणित, बी.एड. इथल्या एका इंटरनॅशनल शाळेत आयजीसीएसई आणि ए लेव्हल या केंब्रिजच्या परीक्षांचं गणित शिकवतात. आठ वर्षं झाली. का हो?

---

हांगझोऊकर | शनिवार, रात्री ९:४२

अहो मग चुकीच्या माणसासाठी धागा काढलात!

मातृभाषेची अट भाषाशिक्षकाला आहे, विषयशिक्षकाला नाही. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, कॉम्प्युटर शिकवायला त्या विषयाची पदवी आणि पदवीनंतर किमान दोन वर्षांचा अनुभव लागतो. भारतीय पासपोर्टवर आमच्याच शहरात असे बरेच जण आहेत: केरळचे, तमिळ, बंगाली, आणि आम्ही दोन-तीन मराठी डोकी. केंब्रिजचा अभ्यासक्रम आठ वर्षं शिकवलेला माणूस तर त्यांना हवाच असतो. शहरागणिक कार्यालयाची मर्जी थोडी बदलते, त्यामुळे शाळेने आधी भारतीय शिक्षकांचे परवाने काढलेत का हे पहिल्या कॉललाच विचारायचं.

कुठल्या शाळा ते नीट समजून घ्या. एक, फक्त परदेशी पासपोर्टवाल्या मुलांच्या. पगार भरपूर, पण त्या बहुतेक ब्रिटन-अमेरिकेतले प्रशिक्षित शिक्षक घेतात. दोन, चिनी मुलांच्या खाजगी शाळा आणि मोठ्या सरकारी हायस्कूलांचे इंटरनॅशनल विभाग, जिथून पोरं परदेशी विद्यापीठांत जातात. आपली जागा इथे. सप्टेंबर २०२१च्या नियमांपासून नववीपर्यंत परदेशी अभ्यासक्रम चालत नाही, त्यामुळे खरी भरती दहावी ते बारावीच्या वर्गांना होते. गणिताला साधारण २० ते ३० हजार युआन आणि घरभाडं. आपल्याला सुरुवातीला खालच्या टोकाचा आकडा सांगतात. तिथेच होकार देऊ नका.

भरती नोव्हेंबर ते मार्च, शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू.

---

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:१५

यांना वाचून दाखवलं. हसले, मग लॅपटॉप उघडून बसलेत.

आणि मी? मी त्यांच्याबरोबर गेले तर तिथे काही करता येईल?

---

ऋता_सुझोऊ | रविवार, सकाळी १०:००

याचं उत्तर मी देते, कारण मी तेच जगतेय. नवऱ्याची कंपनी इथे, मी एस१ व्हिसावर. हा कुटुंबाचा व्हिसा. आल्यावर निवास परवाना होतो, पण त्यावर काम करता येत नाही. अजिबात नाही. घरी शिकवण्या घेणंही नाही. सोसायटीतल्या तीन आया मला इंग्रजीसाठी विचारून गेल्या, आडून आडून पैशाचंही बोलल्या. मी त्यांना चहा पाजते आणि विषय बदलते.

गोदाकाठ, एम.ए., बी.एड., वर्षानुवर्षं नोकरी केलेल्या बाईला हे किती जाचतं ते इथे आल्याशिवाय कळणार नाही. पहिले सहा महिने नवं शहर, नवी भाषा यात निघून जातात. त्यानंतरचं आधी ठरवून या. मी विद्यापीठात चिनी भाषेचा वर्ग लावला, एचएसके या चिनीच्या परीक्षेची चौथी पातळी दिली. माझ्या ओळखीतल्या एकीने गणिताच्या पदवीवर शाळेत स्वतःचा परवाना मिळवला. तुमची पदवी इंग्रजीचीच असेल तर तो रस्ता अवघड आहे. एक फट आहे: काही शाळा ‘इंग्रजी शिक्षक’ न म्हणता ग्रंथपाल, विद्यापीठ-प्रवेश सल्लागार अशा पदांवर घेतात. पण ते पद खरं हवं. परवान्यावर सल्लागार आणि वर्गात इंग्रजी, असं असेल तर पुन्हा तेच बेकायदा.

---

योगसाधक_ग्वांगझोऊ | रविवार, सकाळी ११:३०

अवांतर पण उपयोगी: इथे भारतीय पासपोर्टला सर्वांत जास्त भाव योगशिक्षकाला आहे. कुनमिंगच्या युन्नान मिंझू विद्यापीठात २०१५ पासून भारत-चीन योग कॉलेज आहे. ऋषिकेश, बिहार, कर्नाटकातली खूप मुलं इथल्या स्टुडिओंमध्ये आहेत. पण त्यांतही अर्धे चुकीच्या व्हिसावर. वरचे सगळे नियम लागू.

तसंच मातृभाषेची अट आपल्या बाजूने फिरते ती हिंदीत. पेकिंग विद्यापीठ, बीजिंग फॉरेन स्टडीज, शीआन इंटरनॅशनल स्टडीज इथे हिंदी विभाग आहेत आणि भारतीय शिक्षक लागतात. जागा मोजक्याच. हिंदी एम.ए., पीएच.डी. वाल्यांनी लक्ष ठेवावं.

---

खडूस_काका | रविवार, दुपारी १२:१०

म्हणजे आता नवराही जाणार. छान.

---

संपादक मंडळ | रविवार, दुपारी १२:३०

गलवान, सीमाप्रश्न, चिनी मालावर बहिष्कार यांसाठी वेगळे धागे आहेत. इथे नोकरीवरच बोलूया.

---

मिरजेचा_मास्तर | रविवार, दुपारी ४:२०

हांगझोऊकर, शाळा प्रत्यक्षात असते कशी ते लिहा की. आम्ही न येणारे, पण उत्सुकता आहे. आणि भारतीय म्हटल्यावर लोक कसं वागवतात?

---

हांगझोऊकर | रविवार, रात्री ८:५०

मास्तर, सकाळी साडेसातला पोरं वर्गात. बहुतेक वसतिगृहात राहतात, रात्री दहापर्यंत अभ्यासिका. सकाळच्या मधल्या वेळात स्पीकरवर संगीत लागतं आणि अख्खी शाळा डोळे मिटून भुवयांभोवती, नाकाच्या मुळाशी बोटांनी चोळायला लागते. चष्मा लागू नये म्हणून हा डोळ्यांचा व्यायाम, पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. माझ्या वर्गात तीस पोरं आहेत आणि चष्मा नसलेली बोटांवर मोजता येतील. दुपारी जेवणानंतर बाकावर डोकं टेकून झोप. शिक्षकांच्या खोलीतही घडीच्या खाटा निघतात. पहिल्यांदा पेपर तपासत बसलो होतो, तेव्हा एका सहकारी बाईंनी येऊन दिवाच बंद केला.

गणितात ही पोरं आपल्याला हरवतात. दहावीतला मुलगा द्विघात समीकरण तोंडी सोडवतो. अडतात ती प्रश्नाच्या इंग्रजीत. ‘किमान तीन’ आणि ‘जास्तीत जास्त तीन’ हे संभाव्यतेच्या गणितात इंग्रजीतून आलं की निम्मा वर्ग उलटं उत्तर काढतो. म्हणजे गणिताचा शिक्षक म्हणून घेतात आणि अर्धा वेळ इंग्रजीच शिकवावं लागतं, सात देशांचा पासपोर्ट नसताना. नियम करणाऱ्यांना याची कल्पना नसावी, आणि मी त्यांना देणार नाही.

भारतीय म्हणून: टॅक्सीवाले हिंदी सिनेमाची गाणी म्हणून दाखवतात. सीमेवर ताण होता त्या काळात दोघा-तिघांनी तिरकस विचारलं, बाकी काही नाही. वयस्कर माणसांना महाराष्ट्र सांगून कळत नाही, पण ‘डॉक्टर कोटणीसांच्या राज्यातला’ म्हटलं की सूर बदलतो. सोलापूरचा डॉक्टर १९३८ साली वैद्यकीय पथकातून आला, युद्धात जखमींवर उपचार करत राहिला, इथल्याच परिचारिकेशी लग्न केलं आणि १९४२ साली बत्तिसाव्या वर्षी इथेच गेला. शिजियाझुआंगमध्ये त्यांची समाधी आहे. एका सुट्टीत मुद्दाम जाऊन आलो.

खाणं: शाकाहारी असाल तर घरी करा. भाजीतही डुकराच्या मांसाचा खिमा असतो आणि तो त्यांच्या लेखी मांसात धरत नाहीत.

---

मिरजेचा_मास्तर | रविवार, रात्री ९:१५

दिवा बंद केला 😄 आमच्या मुख्याध्यापकांना वाचायला देतो.

---

मेलबर्नची_मावशी | सोमवार, सकाळी ६:४०

गोदाकाठ, एक व्यावहारिक गोष्ट. जायच्या आधी फोनवर पैसे देण्याचं अलीपे ॲप घेऊन त्याला कार्ड जोडून जा. चॅटचं व्हीचॅट भारतात २०२० पासून बंद आहे, ते तिथे पोचल्यावर घ्या. व्हॉट्सॲप, गुगल, यूट्यूब तिथे व्हीपीएनशिवाय चालत नाहीत, आणि व्हीपीएन भारतातूनच टाकून न्यावं लागतं. माझी मुलगी पहिले चार दिवस गायब होती, मी इथे दूतावासाचा नंबर शोधत बसले होते.

---

गोदाकाठ | गुरुवार, रात्री १०:०५ (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतेय.

एजंटला तो ‘झेडवर का नाही’ प्रश्न विचारला. आधी म्हणाला नियम नवीन आहेत, मग म्हणाला चार जणी तयार आहेत, तुम्ही ठरवा. ई-मायग्रेटवर त्याचं नाव नाही. पैसे दिले नव्हते, देणारही नाही. सनद, धन्यवाद.

आता मुख्य. यांच्या चार ठिकाणी मुलाखती झाल्या. निंगबोच्या एका शाळेने डेमो घेतला, विषय नेमका संभाव्यता. हांगझोऊकरांचं वाचून गेले होते, त्यामुळे ‘किमान’ आणि ‘जास्तीत जास्त’ संख्यारेषेवर दाखवलं. ऑफर आलीय: २२,००० युआन, घरासाठी वेगळे ३,०००, वर्षाला एक जाऊन-येऊन तिकीट. शाळेत आधीपासून दोन भारतीय आहेत, त्यांच्याशी बोलणं झालं, परवाने खरे आहेत.

प्रश्न असे: कर किती जातो? करारात काय बघायचं? आणि इथल्या एका कागदपत्रवाल्याने सांगितलं की पदवीवर ‘अपॉस्टिल’ (करारातल्या सगळ्या देशांत चालणारा सरकारी शिक्का) मारून देतो, चीन आता त्यात आलाय. खरं का?

---

सनद | गुरुवार, रात्री १०:३०

अपॉस्टिल करून घेऊ नका. चीनला अपॉस्टिलचा करार ७ नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला हे खरं, पण भारताने चीनच्या प्रवेशाला हरकत नोंदवली होती, त्यामुळे भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. तुम्हाला जुनाच रस्ता: आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचं साधं साक्षांकन, मग चिनी वकिलातीचा शिक्का. मंत्रालयाचे दोन्ही प्रकारचे स्टिकर असतात. चुकीचं लागलं तर पैसे आणि महिना दोन्ही पाण्यात. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवाकडून, त्यालाही हीच साखळी. त्याची मुदत शाळा बघते, तेव्हा तो सर्वांत शेवटी काढा.

---

हांगझोऊकर | गुरुवार, रात्री ११:२०

अभिनंदन! निंगबो छान शहर आहे, समुद्रामुळे मासेही उत्तम.

कर: वर्षाला ६०,००० युआन वजा होतात, उरलेल्यावर टप्प्याटप्प्याने. २२,०००च्या पगारावर वर्षाचा कर २४,००० युआनच्या थोडा खाली येतो, सामाजिक विमा धरला नाही तर. पण तो दरमहा सारखा कापत नाहीत. सुरुवातीला नगण्य आणि वर्ष सरत जाईल तसा वाढतो. डिसेंबरची पगाराची चिठ्ठी बघून घाबरायचं नाही. घरभाड्याची रक्कम पावतीवर दिली तर परदेशी माणसाला त्यावर सूट आहे, शाळेला ते विचारा. भारतात पैसे पाठवायला बँकेत करार आणि कर भरल्याचा दाखला दाखवावा लागतो, म्हणून तो दाखला अधूनमधून काढत राहायचं.

करारात चार गोष्टी बारकाईने बघा. तासिका किती आणि नुसतं ‘कार्यालयात बसणं’ किती, दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून हवेत. चिनी नववर्षाची आणि उन्हाळ्याची सुट्टी पगारी आहे का. मधेच सोडलं तर दंड किती. काही ठिकाणी तो दोन-तीन पगारांइतका लिहिलेला असतो, तो खाली आणता येतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोकरी सोडल्याचं पत्र आणि परवाना रद्द केल्याचा कागद शाळा किती दिवसांत देणार. हे दोन कागद नसतील तर दुसरी शाळा तुमचा परवाना वळवून घेऊ शकत नाही. रुसलेल्या मालकाने एका मित्राला या कागदांसाठी दोन महिने लटकवलं होतं, शेवटी त्याला भारतात परतून सगळं पहिल्यापासून करावं लागलं. कराराच्या दोन प्रती येतील, इंग्रजी आणि चिनी. वाद झाला तर बहुतेक वेळा चिनी प्रत खरी धरतात, असं कलम त्यातच असतं. म्हणून चिनी प्रत ऋतासारख्या कोणाकडून तरी वाचून घ्या.

---

ऋता_सुझोऊ | शुक्रवार, सकाळी ७:५०

पाठवा मला विपुतून, म्हणजे इथल्या निरोपातून, नावं-पत्ते खोडून. रविवारी बसते.

आणि गोदाकाठ, तुमचं काय ठरलं?

---

गोदाकाठ | शुक्रवार, रात्री ९:२५

विपु केलीय.

माझं असं ठरलं: पहिलं वर्ष मी इथेच. माझी नोकरी, हप्ता आणि सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन तिन्ही इथे आहेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर जाऊन बघेन. दरम्यान एचएसकेचा ऑनलाइन वर्ग लावलाय, आणि तुम्ही म्हणालात ते प्रवेश-सल्लागाराचं काम इथल्याच शाळेत करून बघतेय. अकरावीच्या पोरांचे परदेशी विद्यापीठांचे निबंध तपासते. मुख्याध्यापकांनी ते फुकटात माझ्या गळ्यात घातलंय, पण अनुभवाचं पत्र द्यायचं कबूल केलंय.

---

सह्याद्रीवेडा | शुक्रवार, रात्री १०:००

कबूल केलंय ना, मग लगेच लेटरहेडवर घ्या. तारखेसकट.

रच्याकने, विमानाचं: इंडिगोचं कोलकाता-ग्वांगझोऊ ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झालं, दिल्लीहूनही आहे. आधी बँकॉक किंवा हाँगकाँगवरून जावं लागायचं. ग्वांगझोऊहून निंगबोला रेल्वेही आहे, पण लांब पडते, सामान घेऊन जाताना देशांतर्गत विमानच बरं. आणि सरांना सांगा, प्रेशर कुकर घेऊन जा.